‘दोघींचे पडदे’ हे नाव

पडदे शिवणाऱ्या बाईंना वेबसाइट काढायची होती. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या दुकानापुढून सुसाट निघून जायच्या, आत यायला कुणी थांबत नव्हतं.

इंटरनेटवर नावं विकणाऱ्या कंपनीला त्यांनी फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

“आधी नाव घ्या, बाई. वेबसाइट ठेवायला जागा कुणाकडून घ्यायची, ते मागाहून बघू.”

“घर नाही, दार नाही, आणि पाटी आधी?”

“तसंच करतात. पाटी दुसऱ्याने पळवली तर घराचं काय करणार?”

बाईंना हसू आलं. त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं, ‘दोघींचे पडदे’. धाकटी बहीण दुकान सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण पाटी त्यांनी बदलली नव्हती.

मुलीने ते नाव टाइप करून पाहिलं. “हे नाव कुणीतरी घेतलंय. वेबसाइट काहीच नाही, नुसतं धरून ठेवलंय. मालकाचं नाव आम्हाला सांगता येत नाही, पण तुमचा निरोप पोचवू शकते.”

असलं नाव कोण घेणार? बाईंनी आपला नंबर कळवला आणि कापड बेतायला घेतलं.

दोन दिवसांनी भरदुपारी फोन वाजला.

“ताई, मी बोलतेय.”

बाई कात्री हातात धरूनच स्टुलावर टेकल्या. “तू घेतलंयस ते नाव?”

“मी दुकानात होते तेव्हाच घेतलं होतं. वेबसाइटची जागा कुठे घ्यायची ते तुला विचारून ठरवणार होते. पण विषय काढला आणि तू म्हणालीस, पडदा हातात घेऊन बघावा लागतो, ही थेरं माझ्या दुकानात नकोत.”

‘माझ्या’ या एका शब्दावरून तेव्हा भांडण पेटलं होतं. आठवडाभरात धाकटी आपलं शिलाई मशीन घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली होती.

“मग सोडून का नाही दिलंस?”

“दर वर्षी नावाची मुदत संपत आली की ठरवते, आता पुरे. आणि मग पैसे भरून वाढवते.” धाकटी पुढे म्हणाली, “तुझ्या नावावर करून देते, ताई. तुला उपयोग आहे.”

“तू येतेस का इकडे?”

“नाही गं. माझं इथे बस्तान बसलंय.”

बाहेरून एक ट्रक गेला. बाईंनी कात्री खाली ठेवली.

“या वर्षी वाढवशील मुदत?” बाईंनी विचारलं.

“वाढवीन की.”

“मग राहू दे तुझ्याकडेच.”

“अगं, पण तुला...”

“मी दुसरं घेते. ते तू सांभाळ.”

धाकटीने “बरं” म्हणून फोन ठेवला. पुन्हा कधी करेन, हे ती बोलली नाही आणि बाईंनीही विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी कंपनीतल्या मुलीकडून एक साधंसं नाव नोंदवून घेतलं. पुढच्या आठवड्यात, तिनेच सुचवलेल्या ठिकाणी, वेबसाइटसाठी जागाही घेतली. पहिल्या पानावर काय लिहायचं, याचा त्यांनी फार विचार केला नाही. सवयीने लिहिलं, ‘आम्ही पडदे शिवतो.’

वाचून पाहिलं. मग खोडून लिहिलं, ‘मी पडदे शिवते.’