वलांडीवरचे टी-शर्ट

माझ्या नवऱ्याच्या अंगातलं विष काढायला कंपनीने दुधी पाठवला. हसू नका, खरंच पाठवला. पिशवीत दोन दुधी, चार काकड्या, लिंबं आणि वर एक पांढरा टी-शर्ट. छातीवर हिरव्या अक्षरांत छापलेलं, ‘मी विषमुक्त’.

धनेश चिंचणीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात पावडर विभागात कामाला आहे. कापडाला लागणारा लाल रंग तिथे सुकवून पोत्यांत भरतात. तो रंग हवेत उडतो, नाकात जातो, अंगात मुरतो आणि घामाबरोबर परत बाहेर येतो. कितीही साबण घासा, सकाळी धनेशच्या उशीचा अभ्रा गुलाबी तो गुलाबीच. धूळ ओढून घेणारा पंखा दिवाळीपासून बंद पडलाय. दुरुस्त करा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं. इकडे याला खोकला लागला की श्वास पुरत नाही, भिंतीला धरून उभा राहतो. मी पाठ चोळते. दुसरं काय करणार?

पंखा काही आला नाही. प्रगती मॅडम आल्या.

मुंबईच्या आहारतज्ज्ञ. कँटीनमध्ये शिबिर होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं म्हणून मी गेले. मॅडम बोलल्या मात्र गोड. म्हणाल्या, शरीरात विष साठतं ते आपल्या खाण्यातून आणि वागण्यातून. चहा सोडा, ताडी सोडा, लवकर झोपा, सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस प्या. “आणि सुकी मासळी तर पूर्ण बंद. उघड्यावर वाळवतात, किती धूळ बसते त्यावर!”

धूळ! पंखा बंद पडलेल्या कारखान्यात उभी राहून ही बाई माझ्या बोंबलावरची धूळ मोजत होती. मी बोंबील सुकवून विकते. माझ्या सासूने तेच केलं, तिच्या सासूनेही तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून विचारलं, “मॅडम, त्या पंख्याचं काय?”

एचआरचे साहेब हसून म्हणाले, “ताई, आजचा विषय आहार आहे.”

त्यांचा राग आलाच, पण खरी चीड आली ती धनेशची. त्याला ते सगळं पटलं. दारात वलांडीच्या दोरांवर बोंबील वाळतायत आणि हा ओट्यावर बसून काकडी खातोय! मी भांडले तेव्हा म्हणाला, “निलम, पंखा माझ्या हातात नाय. दुधी तरी माझ्या हातात हाय ना?”

मग पुतणीचं लग्न निघालं. आठवडाभर आम्ही धाकट्या डहाणूला होतो. तिथे धनेशने बोंबील खाल्ले, सुकट खाल्ली, मांडवात बसून ताडी प्यायली. आणि त्या आठवड्यात त्याची उशी पांढरी झाली, खोकलाही थांबला. मी म्हटलं, “बघ, कारखाना सुटला की तू बरा होतोस.”

“आधी महिनाभर रस घेतला ना, त्याचा असर आता दिसतोय.”

वर त्याने मॅडमना फोन करून तसं सांगितलंही! त्यांना तेच हवं होतं. मे महिन्यात कारखान्याच्या आवारात मांडव घातला आणि ‘विषमुक्त कामगार’ म्हणून धनेशचा सत्कार ठेवला. तोवर तो पुन्हा पावडर विभागात रुळला होता.

सत्काराच्या दिवशी विभागातल्या सगळ्यांना तो पांढरा टी-शर्ट घालून बसवलं. वर पत्रा तापलेला. मॅडम बोलत होत्या, साहेब बोलत होते, आणि गळ्यात हार घालून उभा असलेला धनेश घामाने निथळत होता. आधी गळ्यापाशी गुलाबी झालं. मग काखेत. मग पाठीवरून लाल ओघळ खाली उतरला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मॅडम हळूच म्हणाल्या, “पाणी जास्त प्यायला हवं तुम्ही.”

चैत्या नावाचा तलासरीकडचा एक कामगार पुढे बसला होता. त्याने स्वतःच्या काखेत बघितलं आणि मोठ्याने विचारलं, “बाय, दुधी लाल असतोय काय?”

मांडव हसला. धनेश हसला नाही. त्याने हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून मी त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने डब्यातले बोंबील काढले, स्वतःच चुलीवर भाजले आणि खाल्ले. टी-शर्ट धुवायला बादलीत टाकणार इतक्यात मी तो ओढून घेतला. “हा धुवायचा नाय.”

आमच्या वलांड्या रस्त्याला लागून आहेत. बांबू उभे करून आडवे दोर बांधायचे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरावर टांगायचे. कारखान्याच्या साहेबांच्या गाड्या रोज तिथूनच जातात. सकाळी मी तो टी-शर्ट बोंबलांच्या मधोमध टांगला, अक्षरं रस्त्याकडे करून. शेजारच्या रखमीचा नवरा त्याच विभागात. तीही तिच्या घरचा घेऊन आली. मग आणखी आले. संध्याकाळी चैत्या कामावरून सुटल्यावर पिशवी घेऊन उभा. “आमचे गावाला वलांडी नाय, वयनी. माझापन टांगा.”

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांचा फोन आला. धनेश दोराखाली उभा होता. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: कंपनीची बदनामी होतेय, आत्ताच्या आत्ता ते काढा.

साहेबांपुढे मान वर न करणारा माझा नवरा. मी हातातली टोपली खाली ठेवली.

“काढतो ना साहेब,” धनेश म्हणाला. “पंखा चालू झाला का काढतो. अजून ओलं हाय. ओलं काढलं का सडतं, आमच्यात सगळ्यांना ठाव हाय.”

फोन ठेवून तो बांबूला धरून खूप वेळ खोकला. मग चैत्याचा टी-शर्ट त्याने स्वतःच्या हाताने दोरावर नीट पसरला.