खाली जाणारा ट्रक

तुफान येणार असं मामलेदारांनी सांगितलं आणि कौलं, मीठ वाहणाऱ्या ट्रकांच्या नशिबी माणसं आली. माल उतरवा, रिकामे किनाऱ्यावर जा, माणसं भरून कणकवलीला आणा. हुकूम सोपा होता, पण सोपं तेवढंच होतं.

ट्रकवाल्या परशुरामला नेमकी दुसरीच वाडी मिळाली. "तुमच्या गावात दाजीचा ट्रक गेलाय," साहेब म्हणाले. म्हणून आपली खेप उतरवल्यावर तो कणकवलीत येणाऱ्या प्रत्येक गाडीत आईला, सावित्रीला, शोधत फिरला. एक म्हणे, मागच्या गाडीत आहे. दुसरा म्हणे, ती बसायलाच तयार नाही. तिसऱ्याने तर तिला सावंतवाडीला पोचवलं. परशुरामचं डोकं भणभणलं. हुकूम गेला चुलीत, म्हणत त्याने रिकामा ट्रक खाली, आपल्या गावाकडे पिटाळला.

रस्ता एका गाडीपुरताच. वळणावर दाजीचा भरलेला ट्रक समोर आला. परशुरामने दगडी गडग्याला गाडी घासून वाट दिली, आणि बघतो तर त्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून आईच उतरतेय! बोचकं दाजीच्या ट्रकमध्येच टाकून ती त्याच्या कॅबिनमध्ये येऊन बसलीसुद्धा. दाजी शिव्या घालत निघून गेला.

"आये, उतारलंस कित्याक गो?" परशुराम ओरडला. आनंदही झाला होता, रागही आला होता. "तुकाच आणूक चललेलंय मी!"

"गाडी चलय."

"खंय?"

"घराकडे."

घराकडे म्हणजे समुद्राकडे! म्हातारीला भ्रम झाला की काय? पण ट्रक वळवायचा तर गावच्या देवळासमोरच, मध्ये कुठे जागाच नव्हती. माड रस्त्यावर झुकत होते. तो चालवत राहिला.

देवळासमोर शेजारची लक्ष्मी उभी होती. एक पोर कडेवर, दोन पदराला. बाकी गावात चिटपाखरू नव्हतं.

"तिका मीच सांगलेलंय," आई खाली मान घालून म्हणाली, "दुसऱ्याच्या गाडयेत दाटीवाटीन कित्याक जातंस, माझ्या झिलाची गाडी येतली. मगे पोलिसांनी माका उचलून दाजीच्या गाडयेत घातल्यानी. ही तेव्हा घराक कुलूप घालूक गेलली. माझा कोण आयकता?"

परशुरामला आता कळलं, आणि जरा लागलंही. आई त्याच्यासाठी उतरलीच नव्हती. तिला रिकामा ट्रक हवा होता.

त्याने फाळका पाडला. पण आईने लक्ष्मीला पोरांसकट कॅबिनमध्ये आपल्या जागी बसवलं आणि स्वतः मागे उघड्या हौद्यात चढली.

"आये, भिजशीत गो!"

"भिजतंय. तू चलय."