अंबूआत्याचा वाफा आणि कुणालीचे ठिपके

अंबूआत्याच्या पडवीतली खोली कुणालीला कामासाठी हवी होती, आणि त्या खोलीत भाताची पोती ऐसपैस बसली होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पोरीने संगणकावर चित्रं काढून पोट भरीन म्हटलं की घरचे आधी हसतात, मग कल्याणच्या नोकरीचं काढतात. त्या नोकरीचं नाव काढलं तरी कुणालीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेवटी आत्यानेच तोडगा काढला. आत्या म्हणजे बायकांच्या शेतकरी गटाची अध्यक्ष, तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"आमच्या गटाला चित्र काढून दे गो. गादीवाफा कसा करायचा, भात कुठं टोकायचं, सगळं दिसलं पायजे. मोबाइलवर पण नि बांधावरच्या बोर्डावर पण. जमलं तर खोली तुझी. नाय जमलं तर गपचूप कल्याणला जायचं."

आता चित्र काढायचं कशात, इथेच घोडं अडलं. आत्याचा मुलगा प्रणय आसनगावहून रोज मुंबईला जाणारा, म्हणजे त्याला जगातलं सगळं ठाऊक. त्याने फोटोंवर काम करायचं एक झकपक सॉफ्टवेअर आणून दिलं. त्यात मातीला सावली पडायची, पानावर दव चमकायचं. दुसरं एक फुकटचं होतं, नुसत्या रेघांचं. त्यात साधी रेघ ओढायची म्हटली तरी ती किती सेंटिमीटरची, हे आधी सांगावं लागे.

"हे तर तलाठ्यासारखं चौकशा करतं," म्हणत कुणालीने ते बंद केलं.

प्रणयच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने जीव ओतून वाफा काढला, त्यावर भाताचे दाणे टोचून पेरायच्या जागी लाल ठिपके मांडले आणि हौसेने कडेला एक बगळाही उभा केला. गटाच्या वेबसाइटवर चित्र झळकलं तेव्हा बायका खूश झाल्या. पण बोर्डाची चौकट निघाली लांबोडी. कुणालीने काय करावं? कोपरा धरला आणि चित्र ओढून ताणून चौकटीत बसवलं! मुरबाडहून फ्लेक्स छापून आला तेव्हा अक्षरं भिजल्यासारखी फुगली होती आणि बगळ्याचं बदक झालं होतं. लांबूनच तर बघायचंय, म्हणून तिने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ती शेतावर गेली तर चौकट रिकामी. फ्लेक्स वाफ्यावर आडवा अंथरलेला, चार बायकांनी कोपरे दाबून धरलेले, आणि आत्या खुरप्याच्या टोकाने एकेक ठिपका फोडून भोकात भात टाकत होती.

"आत्या, अगो काय करतेस! ते बघायचं चित्र आहे!"

"बघायचं? मग एवढे ठिपके कशाला काढलेस?"

फ्लेक्स उचलला तर आडव्या ओळीत दाणे लांब लांब, उभ्या ओळीत चिकटून बसलेले. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हितं चेंगराचेंगरी, तितं बैलगाडी जाईल! अशानं भात येतं का गो? खोलीचं इसर आता."

कुणाली तणतणत घरी निघाली. फ्लेक्स अंथरून पेरणी करतं का कोणी? वाटेत बांधावर गावाचा एकुलता एक लोखंडी साचा पडला होता. भोकं पाडायच्या त्या धुडाला उचलायला दोघी लागायच्या, आणि तो आपल्या वाफ्यावर आधी यावा म्हणून दरवर्षी भांडणं व्हायची. कुणाली तिथेच थांबली. त्यापेक्षा फ्लेक्सची घडी काखेत मारून नेता येते की!

तिने घरी येऊन तलाठी सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याच्या सगळ्या चौकशांना मुकाट उत्तरं दिली. ठिपक्यापासून ठिपका पंचवीस सेंटिमीटर, रुंदी वाफ्याएवढी. तेच चित्र मोबाइलवर लहान झालं तरी सुबक, आणि वाफ्याएवढं मोठं केलं तरी रेघ जशीच्या तशी. मग जीप पकडून ती स्वतः मुरबाडला गेली. फ्लेक्स बांधता यावा म्हणून फ्लेक्सवाला कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोकतो; तिने त्याला प्रत्येक ठिपक्यावर रिंग ठोकायला लावली.

"ताई, हा फ्लेक्स आहे की चाळण?" तो म्हणाला.

आत्याने नवा फ्लेक्स वाफ्यावर अंथरला आणि रिंगांतून काडीने भोकं पाडून दाणे टाकले. उचलून बघितलं, तर उभ्याआडव्या ओळी कशा एकसारख्या! "आमाला पण एक दे गो कुणाली," बायकांचा गलका झाला. आत्या मात्र तडक घरी निघून गेली. आता कल्याण काही टळत नाही, असंच कुणालीला वाटलं.

संध्याकाळी ती भीतभीत आत्याकडे गेली. खोलीत एकही पोतं नव्हतं, जमीन सारवून लख्ख केलेली. मागच्या अंगणात खुराड्याला जुना फ्लेक्स आडोसा म्हणून बांधला होता आणि त्यावरचं बदक ऐटीत उभं होतं.

"भोकांतून वारा येतो, कोंबड्या खूश हायत," आत्या म्हणाली. कुणालीने धावत जाऊन तिला मिठीच मारली.

"सोड गो, सारवण ओलं हाय! टेबल आण उद्या. नि दारावर तुझ्या नावाची पाटी लाव. फक्त तिच्यावर ठिपके काढू नको, नायतर बायका माझ्या दारातच भात टोकतील."