मला खुशाल बुडू द्या

मी बुडणारा पुतळा बोलतोय. दचकू नका, बुडणं ही माझी नोकरी आहे. पोहण्याच्या तलावावर मुलांना ‘कोणी बुडत असेल तर काय करायचं’ हे शिकवतात, तेव्हा बुडणारा ‘कोणी’ म्हणजे मी.

माझा जन्म रबराच्या कारखान्यातला. साचा जरा चुकला, म्हणून बुडतानाही मी हसत असतो. पण बुडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

शिकवणाऱ्या ताईंचा नियम एकच: पाण्यात उडी मारायची नाही. काठावर पालथं पडायचं, दोरी बांधलेला रिकामा डबा फेकायचा आणि मोठ्या माणसांना हाका मारायच्या. मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात आणि मग मला आनंदानं पाण्यात ढकलतात.

एका आजोबांना माझं उघडं अंग खटकलं. मग पालकांनी जुने कपडे आणले आणि मला चौकड्यांचा शर्ट मिळाला. मी चांगला रुबाबात बुडायला लागलो, तोच चिमणी नावाच्या चिमुरडीनं माझ्यामागे धाडकन उडी मारली. तो तिच्या बाबांचा शर्ट होता.

ताईंनी आधी तिला बाहेर काढलं, मग मला. बाबा समोर बाकावर धडधाकट बसले होते, तरी तिनं रडत मिठी मारली ती मला. 

दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा म्हणाले, शर्ट बदलू. ताईंनी साफ नकार दिला आणि त्या चिमणीशेजारी बसल्या.

“खरे बाबा बुडत असले तरी उडी मारायची नाही.”

“मग ते मरतील ना!”

“तू उडी मारलीस तर दोघंही जाल. तू हाक मारलीस तर मी येईन.”

पुन्हा मला ढकललं. चिमणी धावत काठाशी आली. रबराला काळीज नसतं म्हणतात, पण माझा जीव टांगणीला लागला होता. ती पालथी पडली. तिनं फेकलेला डबा थेट माझ्या कपाळावर बसला. मला बोटंच नाहीत, दोरी धरणार कशी? मी हसत हसत खाली निघालो.

“ताई, लवकर या, बाबा बुडतायत!” ती रडत ओरडत होती. बाकावरून बाबा टाळ्या वाजवत म्हणत होते, “शाब्बास, बाळा!”

तळाशी पडून मी वर पाहत राहिलो. ती आली नाही. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता मला जागोजागी ठिगळं लागलीत, पण नोकरी चालू आहे. मुलांनो, माझ्यावर माया असेल तर काठावरच राहा. मी बुडून घेतो.