आभारातून सुटलेली ताई

तारखांचं गणित करून देणारी त्याची सॉफ्टवेअर लायब्ररी लोक फुकट वापरत, पण ती वापरायची कशी हे कोणाला धड कळत नसे. म्हणून शिक्षिका असलेल्या ताईने सुट्ट्या खर्ची घालून माहितीची पानं सोप्या भाषेत लिहून दिली. नवी आवृत्ती प्रसिद्ध करायच्या घाईत त्याने ती पानं स्वतःच्याच नावाने इंटरनेटवर चढवली.

ताईने त्या आवृत्तीसोबतची आभारांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "छान झालंय रे," एवढंच म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्ता घालतो तुझं नाव!"

"राहू दे. लोकांनी ही आवृत्ती घेतलीसुद्धा असेल."

त्याने नाव घातलंच. पण पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्याने पानं लिहून मागितली तेव्हा ताई म्हणाली, "या खेपेला जमायचं नाही रे." पुन्हा गळ घालायला त्याला तोंड नव्हतं.