एकच पाहुणा

“एका तिकिटावर एकच पाहुणा नेता येतो, सर,” विमानतळावरच्या लाउंजच्या काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. हसू गोड होतं, पण नियम काही हलण्यातला नव्हता.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. पाहुणे दोन होते. एक उकंडा मेश्राम, वणीच्या सरकारी रेस्ट हाऊसचा सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला खानसामा. दुसरी त्याची बायको रुखमाबाई. तिच्या एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात गोधडीचं गाठोडं. त्यांची मुलगी दीपा मस्कतला नर्स होती, तिचं पहिलं बाळंतपण होतं, आणि मस्कतचं विमान चार तास उशिरा होतं.

“असं कसं?” साहेब ओशाळले. “मी तर दोघांना चला म्हणालो.”

“तुमी जा,” रुखमाबाई नवऱ्याला म्हणाली. “पाहून या सारं. मंग मले सांगा.”

हे वाक्य ती बत्तीस वर्षं म्हणत आली होती.

साहेब पाच वर्षांपूर्वी वणीला आले होते. कापसाची ती वाईट वर्षं. गावांवर अवकळा, आणि रेस्ट हाऊसला मात्र खोली मिळत नसे. आज ही कमिटी, उद्या ती कमिटी, परवा पत्रकार. साहेबांनी एक नंबरच्या खोलीत अकरा दिवस बसून कापसावरचा अहवाल लिहिला आणि उकंडाने त्यांना अकरा दिवस चहा पाजला. आज मुंबईच्या विमानतळावर साहेब समोरून येताना दिसले तसा उकंडा खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला. त्या उठण्यावरूनच साहेबांनी त्याला ओळखलं. ते लंडनला मुलाकडे निघाले होते, बिझनेस क्लासने. “चला दोघंही, लाउंजमध्ये बसू,” ते म्हणाले, आणि आता ती मुलगी उकंडाला नाव विचारत होती.

“उकंडा,” तो म्हणाला आणि थांबला.

“पूर्ण नाव, सर?”

आता आडनाव. रेस्ट हाऊसला काही पाहुणे जेवायच्या आधी आडनाव विचारायचे, आणि ऐकलं की त्यांना अचानक गावातल्या हॉटेलातला डबा आठवायचा. उकंडा गुपचूप ताट झाकून ठेवायचा. रात्री ते दोघं नवरा-बायको खायचे, आणि त्या रात्री रुखमाबाई काहीच विचारायची नाही.

“उकंडा लटारी मेश्राम.”

मुलीने ते लिहून घेतलं. “वेलकम, मिस्टर मेश्राम.” एवढंच. काचेचं दार आपोआप सरकलं. उकंडाने एकदा मागे पाहिलं. रुखमाबाई बाहेरच्या लोखंडी खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि हाताने ‘जा, जा’ करत होती.

आत गेल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. बाहेर कर्ण्यावरून चाललेल्या घोषणा आत येतच नव्हत्या. पायाखाली गालिचा इतका जाड, की आपण चाललो हे आपल्यालाच कळू नये. एकेकट्याला बसायला मोठ्या खुर्च्या, प्रत्येकीजवळ दिवा. उकंडा बघत सुटला. माणसं देवळात बघतात तसं नाही, एक मिस्त्री दुसऱ्याने बांधलेलं घर बघतो तसं. जेवणाच्या भांड्यांची झाकणं त्याने उचलून पाहिली, खाली वाकून ती कशावर गरम राहतात ते पाहिलं. डबीत कसलीशी जेली निळी निळी जळत होती. धूर नाही, राख नाही. सांबाराचा वास घेऊन चिंच कमी आहे हे त्याने मनात नोंदवलं. पपई मात्र चांगली कापली होती.

आंघोळीची खोलीही त्याने पाहिली. नळ फिरवला की गरम पाणी! वणीला त्यासाठी पहाटे चारला बंब पेटवावा लागे आणि फुंकून फुंकून डोळे लाल होत. पाय लांब करून झोपायच्या खुर्च्यांची एक अंधारी खोली होती. आणि हात धुवायच्या जागी वीतभर लांबीचे पांढरे रुमाल गुंडाळून रचले होते. एका साहेबाने हात पुसले आणि रुमाल खालच्या टोपलीत टाकून दिला. एकदा हात पुसला, की धुवायला! उकंडा टोपलीजवळ वाकला. टोपली अर्धी भरली होती.

रुखमाबाईला हे सांगायलाच हवं होतं. रेस्ट हाऊसच्या चादरी धुवायचं काम रीतसर कुणाचंच नव्हतं, म्हणून ते तिचं होतं. मागच्या नळावर बसून तिने बत्तीस वर्षं चादरी धुतल्या, नीळ दिली, दोरीवर घातल्या. पुढच्या दाराने ती कधी आत गेली नाही. कुणी अडवलं होतं असं नाही. कुणी बोलावलंही नव्हतं. पण चौकशा फार. कोन आला व्हता, काय खाल्लं, रात्रभर तळमळला वाटते, चादर पार चोळामोळा हाये. आणि एक ठरलेला प्रश्न: “एक नंबरातली थे मोठी खुर्ची मऊ हाये का वो?”

“मले काय माईत? म्या कधी बसलो?”

“मंग बसून पाहा ना एक डाव.”

तो कधी बसला नाही. तसं कुणी बघायला नसे. पण बसला नाही.

“अरे बस की,” साहेब म्हणाले. ते एका खुर्चीत रेलून वर्तमानपत्र वाचत होते. उकंडा शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकला, एसटीत तिसरी सीट मिळाल्यासारखा.

“आता कसं आहे रे तिकडे?”

“तसंच हाये साहेब. रेस्ट हाऊस मात्र रंगवलं.”

साहेबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पलीकडच्या माणसाने रिकामा कप खाली ठेवला आणि तो उठून गेला. उकंडाचा हात आपोआप पुढे झाला. कप उचलून तो चार पावलं चाललाही, तेवढ्यात पांढऱ्या शर्टातल्या वाढप्याने हलकेच तो काढून घेतला. “राहू द्या सर, आम्ही आहोत ना.” उकंडाला चोरी पकडल्यासारखं झालं. तो परत येऊन कडेवर टेकला. हाताचं काय करावं ते त्याला कळेना.

“उकंडा,” साहेब वर्तमानपत्रातून डोळे न काढता म्हणाले, “एक चहा. माझा तुला माहीत आहे.”

“आनतो जी.”

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. तो भराभर गेला. गरम पाणी, पुडी, दूध नावाला, साखर नाही. कप आधी उकळत्या पाण्याने विसळून घेतला. बशीत थेंबही न सांडता त्याने चहा साहेबांच्या उजव्या हाताशी ठेवला, आणि आपण खुर्चीच्या मागे, दोन हात अंतरावर, उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

तेव्हा त्याला कळलं, की ही जागा आपल्याकडून वाया चालली आहे. आपल्याला पाहुणा होता येत नाही. सहा महिने झाले, खुर्ची समोर असली तरी पाय उभेच राहतात. आणि जिला बसायची हौस आहे, ती बाहेर लोखंडी खुर्चीवर. तो खुर्चीच्या मागून पुढे आला.

“साहेब, एक अर्ज व्हता.”

बत्तीस वर्षांत त्याने कुठल्याच साहेबाकडे काही मागितलं नव्हतं. साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कप उचलला.

“मी भाईर जातो. माह्या जागी तिले येऊ द्या. एकच पाव्हना पायजे ना त्याह्यले? मंग थे येईन. पाह्याची लय हौस हाये तिले.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे. कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

“मी तुला चहा आणायला लावला का रे?”

“सवय हाये साहेब. दोघायचीबी.”

काउंटरवरच्या मुलीने असा अर्ज कधी ऐकला नव्हता. तिने पेन्सिल गालावर टेकवून विचार केला आणि म्हणाली, “आत एकच पाहुणा असला म्हणजे झालं, सर.”

रुखमाबाई मात्र अडून बसली. “मी काय करू तठी?”

“काई नाई. बसायचं.”

“नुसतं?”

“नुसतं. अन् हात धुतले का रुमाल टोपलीत टाकजो. धुवत बसू नको.”

“इश्श! मी कायले धुतो?” तिने पदर सारखा केला. दारापाशी जाऊन चपला काढल्या. मुलीने “असू द्या आजी” म्हटल्यावर पुन्हा घातल्या. दार सरकलं आणि ती गेली.

उकंडा लोखंडी खुर्चीत बसला. डबा मांडीवर, गाठोडं शेजारी. गाठोड्यातली गोधडी रेस्ट हाऊसच्या बाद झालेल्या चादरींची होती. धुऊन धुऊन त्यांचं सूत लोण्यासारखं मऊ झालं होतं, नातवंडाच्या अंगाला टोचणार नव्हतं. कुणी आत-बाहेर केलं की दार सरकायचं आणि तेवढ्यापुरतं आतलं दिसायचं.

पहिल्यांदा दार सरकलं तेव्हा रुखमाबाई उभी होती. एक पांढरा रुमाल नाकाशी धरून ती त्याचा वास घेत होती.

दुसऱ्यांदा सरकलं तेव्हा ती खुर्चीत होती. कडेवर नाही, पार मागे टेकून. पाय जमिनीला पोचत नव्हते. हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर होते.

तिसऱ्यांदा सरकलं तेव्हा साहेब दोन्ही हातांनी कपबशी धरून तिच्याकडे येत होते. अगदी जपून, पावलं मोजत. कधी सवय नाही. चहा हिंदकळला आणि अर्धा बशीत आला. उकंडा ताडकन उठला. डबा खाली पडता पडता राहिला. एक पाऊल त्याने पुढे टाकलंही.

मग तो थांबला. मागे सरला आणि बसला. मागे टेकून, पाय लांब करून बसला. दार मिटलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि शेजारी बसली. उकंडाला दम निघेना.

“खुर्ची मऊ हाये का?”

“हाये.”

“अन् रुमाल?”

“निळीचा पत्ता नाई. पन धुनारीनं धुतले चांगले.” तिने डबा त्याच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला.

“चाय?”

“चाय पानचट,” रुखमाबाई म्हणाली. मग तिने पदराने डोळे पुसले. “पन आयता व्हता.”