तिसऱ्या घाटाचा उतार

त्या दिवशी तीन घाट होते, आणि पहिल्याच घाटात वेल्डरनं एका ट्रकवाल्याचं थोबाड फोडलं.

सहलीचा नववा दिवस. सातशे किलोमीटर मागे पडलेले, अकरा सायकली एकामागोमाग चढत होत्या. एका वळणावर ट्रक इतका चिकटून गेला की वेल्डरचा मेहुणा कडेच्या खड्ड्यात शिरला. पडला नाही, पण त्याचं पुढचं चाक दाणकन आपटलं. पुढच्या वळणावर समोरच्या गाडीला जागा द्यायला ट्रक थांबला. वेल्डरनं सायकल आडवी टाकली, केबिनचं दार उघडलं आणि ड्रायव्हरला गचांडी धरून खाली ओढलं. एक कानाखाली, एक नाकावर. ड्रायव्हरनं हात उगारला, तर वेल्डरनं त्याचं मनगट पकडलं आणि ओला टॉवेल पिळावा तसं पिळलं. ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला आणि आईच्या नावानं ओरडला.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोला, वाजवल्याच. आठ दिवस ट्रकांचे हॉर्न आणि धूर खाल्लेली माणसं ती. एक तरी हाताला लागला म्हणून त्यांचा जीव थंड झाला. दोघांनी मात्र वाजवल्या नाहीत. एक म्हणजे बाई. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, गटाच्या प्रमुख, गळ्यात अजून शाळेचीच शिट्टी. त्यांनी ती फुंकली आणि म्हणाल्या, "झाला पराक्रम? अजून दोन घाट बाकी आहेत." दुसरा मेहुणा. तो ड्रायव्हरच्या मनगटाकडे बघत राहिला होता.

वेल्डर म्हणजे लाखातला माणूस, असं गटातले सगळे म्हणायचे. रोज मुक्कामाला पोचल्यावर बाकीचे पाय पसरून पडत आणि हा गडी अकराच्या अकरा सायकलींच्या साखळ्या पुसत बसे. कुणाचा सामान ठेवायचा स्टँड तुटला की गावात वर्कशॉप शोधून जोडून आणे. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करण्यात पंचवीस वर्षं गेली होती. लोखंड त्याचं ऐकायचं. लाखातलाच होता. फक्त, असं म्हणणाऱ्यांपैकी कुणाला त्याच्या घरात राहायचं नव्हतं.

घरी त्याची बायको प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून बसली होती. ती बाथरूममध्ये घसरली, असं त्यानं डॉक्टरला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, कामगारांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की आता त्याला फरशीवरचा साबणसुद्धा दिसायला लागला होता. खरं काय ते स्वयंपाकघराच्या दारात झालं होतं. भांडण कशावरून पेटलं हे तो विसरला होता. हाड मोडल्याचा आवाज मात्र विसरला नव्हता.

दुसऱ्या घाटानं सगळ्यांना सोलून काढलं. डांबर वितळून टायरला धरत होतं. मेहुणा दोनदा ओकला आणि तोंड न धुताच परत सायकलवर बसला. त्याचं चाक आउट झालं होतं. दुपारच्या जेवणाला थांबले तेव्हा वेल्डरनं स्पोक पिळून ते जमेल तेवढं सरळ केलं, पण रिमच चेपली होती. "मुक्कामी ठोकून देतो," तो म्हणाला. "तोवर ओढ." तेवढ्यात मेहुणा फोन घेऊन ढाब्याच्या मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही. परत आला तेव्हा त्यानं ताटाला हात लावला नाही.

तिसरा घाट चौदा किलोमीटरचा. निम्म्यावर पाण्याचा नळ होता, तिथं एकाच्या पोटरीत असा गोळा आला की तो रस्त्यावर लोळायला लागला. बाई त्याचा पाय चोळायला बसल्या, सगळा गट थांबला. बाई वेल्डरला म्हणाल्या, "तुझा मेहुणा आज हळू आहे. त्याला घेऊन हो पुढे. खिंडीत थांबा, उतरू नका." खिंडीत थांबणं हा त्यांचा नियमच होता. प्रत्येक उतारापूर्वी बाई सगळ्यांना ओळीत उभं करायच्या, प्रत्येकानं दोन्ही ब्रेक दाबून दाखवायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "लागला." पन्नाशीची माणसं पहिलीतल्या पोरांसारखी "लागला, लागला" म्हणायची.

दोघंच निघाले. चढ भिंतीसारखा उभा राहिला. मेहुण्याच्या पुढच्या चाकाला ब्रेकचं रबर घासत होतं. चर्र, चर्र, प्रत्येक फेऱ्याला.

"थांबलो तर परत निघता यायचं नाही, भावजी," मेहुणा कसाबसा म्हणाला.

"थांबतोस कशाला? हँडल सरळ धर."

ब्रेकच्या चिमट्याला एक छोटा खटका असतो. तो उघडला की रबरं चाकापासून लांब जातात आणि चढाला चाक मोकळं फिरतं. पण मग ब्रेक दाबला तर मूठ नुसती हँडलला टेकते, चाक धरलं जात नाही. चढताना खटका उघडायचा, ही सायकलवाल्यांची जुनी चोरवाट. उतरण्याआधी तो बंद करायला विसरल्यामुळे कित्येकांनी हातपाय मोडून घेतलेत. वेल्डरनं आपली सायकल अगदी लगत आणली, चालत्या सायकलवरून वाकला आणि अंगठ्यानं खटका उडवला. असलं काम तोच करू जाणे.

"मागच्या रबरांत काही दम नाही. वर गेल्यावर आठवण करा," मेहुणा म्हणाला.

"उघडला मी, बंदही मीच करणार. बाईंच्या शाळेतला आहे मी."

मेहुणा हसला. वेल्डरनं त्याच्या पाठीवर पंजा ठेवला आणि त्याला ढकलत वर नेऊ लागला. याच पोराला त्यानं बायकोच्या माहेरच्या गल्लीत सायकल शिकवली होती; तेव्हाही असाच पाठीवर हात असायचा. दोन किलोमीटर असे गेले. वेल्डरला बरं वाटत होतं, अगदी आतून बरं.

"भावजी, पाठीवरचा हात काढा."

"का रे?"

"ताईचा हात कसा मोडला?"

"किती वेळा सांगू? बाथरूममध्ये..."

"माझ्या दुकानाशेजारी हाडांचा डॉक्टर बसतो." मेहुण्याचं औषधांचं दुकान होतं, वरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहायचा. त्याला प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यावा लागत होता. "मी त्याला एक्स-रे दाखवला. तो म्हणाला, पडून हाड असं मोडत नाही. पिळून मोडतं. मी म्हटलं, चुकत असेल. गप्प बसलो. सकाळी तुम्ही त्या ड्रायव्हरचा हात धरलात, तेव्हा कळलं."

"तुझ्यासाठी उतरलो मी सकाळी! तुझ्यासाठी!"

"माहीत आहे. दुपारी ताईला फोन केला. पहिल्यांदा खरं बोलली. परवा सहल संपली की मी तिला घेऊन येणार आहे माझ्याकडे. कायमची. तीही तयार आहे."

वेल्डरनं हात काढून घेतला. खिंड येईपर्यंत त्यानं पॅडलं अशी तुडवली की साखळी कुरकुरली.

खिंडीत उंचीचा आकडा लिहिलेला एक दगड आणि दरीच्या बाजूला लोखंडी कठडा, बाकी वारा. मेहुणा उतरला, डोक्यावरचं हेल्मेट काढून घाम पुसू लागला. पहिला फटका कुणी मारला हे वेल्डरला पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यानं ते नंतर कुणाला सांगितलं नाही. मेहुणा सायकलीसकट कोसळला. पॅडल त्याच्या नडगीत रुतलं. तो उठला आणि हातातलं हेल्मेट त्यानं वेल्डरच्या भुवईवर हाणलं, एकदा, दोनदा. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. वेल्डरनं आंधळ्यागत त्याचा गळा धरला, त्याला कठड्यावर वाकवलं. हेल्मेट दरीत गेलं. मेहुण्याचं डोकं कठड्याबाहेर लोंबत होतं आणि तरी तो बोचकारत होता. मग वेल्डरच्या हाताला त्याचं मनगट लागलं. हातानं सवयीनं पिळायला सुरुवात केली.

मेहुणा ओरडला नाही. घुसमटलेल्या आवाजात म्हणाला, "असंच ना? ताईला असंच ना?"

वेल्डरची बोटं सैल पडली. मेहुण्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याला खाली पाडून बरगडीत एक लाथ मारली, सायकल उचलली आणि उताराला लागला.

खटक्याची आठवण वेल्डरला त्याच क्षणी झाली. पुढे त्यानं स्वतःला हजार गोष्टी सांगितल्या, डोकं बधिर झालं होतं, डोळ्यात रक्त होतं. पण आठवण त्याच क्षणी झाली होती. एका हाकेच्या अंतरावर होता मेहुणा. आणि वेल्डर रस्त्यावर पडून श्वास घेत राहिला. एक, दोन, तीन, चार. चार श्वासांत त्याच्या मनात एवढंच आलं, की हा गेला तर तिला न्यायला कोण येणार?

मग त्याला स्वतःची शिसारी आली आणि तो उठला.

"ब्रेक! अरे, ब्रेक!"

सायकल हाणत तो ओरडत होता. लोखंड घासायच्या मशिनवरून कामगारांना ऐकू जावा असा कमावलेला आवाज तो. खालून उलटा वारा होता आणि त्यात शब्द वाहून जात होते, राग तेवढा पोचत होता. मेहुण्यानं मागं वळून पाहिलं. रक्तानं माखलेला, बोंबलत अंगावर येणारा माणूस त्याला दिसला. त्यानं मान खाली घातली आणि आणखी जोरात पॅडल मारलं.

"थांब! तुझ्या... थांब रे!"

वेल्डरला दुसरा आवाज काढता येत नव्हता. जीव वाचवायला ओरडावं ते कसं, हे त्याला कधी शिकावं लागलंच नव्हतं.

तिसऱ्या वळणावर मेहुण्यानं ब्रेक दाबले. वरच्या रस्त्यावरून वेल्डरला सगळं दिसलं. मागचं चाक नुसतं घासत राहिलं, वेग तुटला नाही. मेहुण्यानं पुढची मूठ पुन्हा पुन्हा आवळली, हँडलला टेकेपर्यंत आवळली. सायकल कठड्यावर आदळून दुमडली आणि तो कठड्याच्या खांबावरून उलटा होऊन पलीकडच्या दगडांत पडला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. तो आवाज वेल्डरच्या ओळखीचा होता.

तो पोचला तेव्हा मेहुणा जिवंत होता. एक कान अर्धा लोंबत होता, पाय भलत्याच दिशेला वळला होता, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. वेल्डर त्याच्यावर वाकला, शर्ट काढून कानाला लावायला हात पुढे केला. मेहुण्याचा जो एक हात हलत होता, तो त्यानं चेहऱ्यावर आडवा धरला.

"नको, भावजी. नको."

शिट्टी वाजवत वरून बाई आल्या, मागोमाग गट. कुणी रुग्णवाहिकेला फोन लावला, कुणी हवा भरायचा पंप काठीसारखा पायाला बांधू लागलं. बाईंनी दुमडलेली सायकल पाहिली, पुढचा ब्रेक पाहिला.

"हा कुणी उघडला?"

"मी."

"आणि बंद?"

बाईंनी वेल्डरच्या भुवईकडे पाहिलं, मेहुण्याच्या गळ्यावरच्या बोटांच्या वळांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याच्या घरी कळव."

मेहुण्याचं घर म्हणजे त्याची ताई. वेल्डरनं मेहुण्यापाशी बसूनच फोन लावला. पहिल्याच घंटीला बायकोनं उचलला. त्यानं सांगितलं, की तो पडला, पाय मोडलाय, गाडी येतेय, जीव वाचेल. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"तुम्ही कुठं होता?"

"मागे होतो."

"किती मागे?"

वेल्डरनं तोंड उघडलं. आकडा त्याला माहीत होता.

"थोडा," तो म्हणाला. "थोडाच मागे."



"शुद्धीवर आहे का तो?"

"आहे."

"मग तुम्ही त्याच्याजवळून उठा," ती म्हणाली. "तो घाबरेल. फोन दुसऱ्या कुणाला तरी द्या."

वेल्डर उठला. त्यानं फोन बाईंच्या हातात दिला आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला.